आजोबांचा वस्तरा आणि तीन आठवड्यांवर आलेलं लग्न

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. मी फोंड्याजवळ म्हार्दोळला राहतो, वय २४. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी सापडली, तीत त्यांचा वस्तरा होता. आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली, मी त्यांना पाहिलेलंही नाही. पात्यावर गंज होता. तो सँडपेपरने घासून काढला, मग परसातल्या पाट्यावर थोडी धार लावली, पप्पांच्या कमरेच्या पट्ट्यावर फिरवला आणि दाढीला बसलो. केस कापले जायच्या ऐवजी ओढले जात होते, म्हणून जरा जोर दिला, आणि कानाखाली कापलं. आईने वस्तरा कपाटात कुलूप लावून ठेवलाय. म्हणते, एक दिवस गळा कापून घेशील. मित्र म्हणतो, सलूनमध्ये असतो तसला अर्ध्या ब्लेडचा घे आणि विषय संपव. तीन आठवड्यांनी मावसभावाचं लग्न आहे. त्या सकाळी आजोबांच्याच वस्तऱ्याने दाढी करावी अशी फार इच्छा आहे. जमेल का? आणि माझं चुकलं कुठे?"

पुतण्या (काका म्हणालास, तेव्हा एवढा हक्क घेतो),

लग्नाच्या सकाळी नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं अर्धं लक्ष कॅलेंडरवर राहणार नाही. आदल्या संध्याकाळी गावातल्या म्हाल्याकडे, म्हणजे न्हाव्याकडे जा, खुर्चीत मागे रेलून डोळे मीट आणि निवांत दाढी करून घे. ताज्या सोललेल्या गालाने मांडवात उभं राहायचं आणि त्याच गालावर कुणा हौशी मामाने अत्तराचा फाया फिरवायचा, हा अनुभव मी घेतलाय. डोळ्यांत पाणी आलं ते बघून नवरीकडच्या बायकांना वाटलं, किती हळवा मुलगा आहे.

दुसरं, ती कानाखालची जखम. गंजाने धनुर्वात होतो असं आपण म्हणतो, पण गंज बिचारा नुसता निमित्ताचा धनी. धनुर्वाताचे जंतू माती-धुळीत असतात, आणि माळ्यावर तीस वर्षं पडलेल्या पेटीत धुळीला काय तोटा. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतंस ते आईला विचार. पाच वर्षांहून जास्त झाली असतील, किंवा आठवतच नसेल, तर आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना दाखवून ये. आजच जा. वस्तऱ्याचं नंतर बघू.

आता तुझं चुकलं कुठे. तुझ्याच पत्रात ते लिहिलेलं आहे: "केस ओढले जात होते, म्हणून जरा जोर दिला." वस्तऱ्याला जोर लावावासा वाटला की समजायचं, त्याला धार नाही. बोथट पातं केसाला अडतं, केस ओढतं, आपण दाबतो, मग ते एकदम सुटतं आणि कातडीत घुसतं. धार असलेला वस्तरा स्वतःच्या वजनाने चालतो, हाताने नुसती दिशा द्यायची. नवशिक्याला वाटतं आपली हिंमत कमी पडली, आणि पुढच्या वेळी तो आणखी हिंमत करतो. म्हणून तर कापतं.

खोबरं वाटायच्या पाट्यावर धार लावलीस हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. अरे, पाट्याला टाकी लावलेली असते! तो मुद्दाम खडबडीत केलेला असतो. त्यावर शागोतीचं वाटण होतं. वस्तरा एकदा नीट डोळ्यांसमोर धरून बघ. एका बाजूला जाड पाठ, दुसऱ्या बाजूला धार, आणि मधलं पोलाद दोन्ही अंगांनी कोरून पातळ केलेलं. ती पाठ उगीच जाड ठेवलेली नसते. सपाट दगडावर पातं आडवं टाकलं की पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात, आणि कोन आपसूक ठरतो. सुरीला धार लावताना कोन मनगटाने सांभाळावा लागतो, इथे तो घडवणाऱ्याने पोलादातच घालून दिलाय. मात्र त्यासाठी दगड आरशासारखा सपाट पाहिजे, आणि एक दगड पुरत नाही. १००० नंबरच्या दगडावर धारेचा पाया बसवायचा, मग ४०००, मग ८०००, आणि शेवटचा हात १२००० वर किंवा तितक्याच बारीक पोताच्या एखाद्या नैसर्गिक दगडावर. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. हे काम शिकायला दाढी शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात, आणि दोन्ही एकदम शिकायला बसलास तर बिघडतंय ते हातामुळे की धारेमुळे, हेच कळणार नाही. म्हणून पहिली धार जाणत्याकडून लावून घे.

जाणता म्हणजे कोण, हेही सांगायला हवं, कारण माझा पहिला वस्तरा मी इथेच वाया घालवला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पायाने चाक फिरवून सुऱ्या-कोयत्यांना धार लावणारा एक जण बसायचा. त्याच्याकडे वस्तरा दिला. तो पात्याकडे बघून म्हणाला, "बाब, हे माझ्या चाकाचं काम नाही." मी शहाणा, म्हटलं, लाव रे, पैसे देतो. ठिणग्या उडाल्या, तीन-चार सेकंदांत झालं, आणि धारेच्या कडेने मोरपिसासारखी एक निळसर रेघ उमटली. तो काही बोलला नाही, त्याने पैसेही घेतले नाहीत. घरी येऊन कळलं की पोलाद तापून निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. पुढे त्या वस्तऱ्याला कितीही घासलं तरी दोन दाढ्यांच्या वर धार टिकली नाही. शेवटी मी तो पेन्सिली तासायला ठेवला.

तेव्हा चाकावर नाही, मशीनच्या पट्ट्यावरही नाही. वस्तऱ्यांना दगडावर धार लावून देणारे हौशी लोक आपल्या देशात आहेत, त्यांतले काही कुरिअरनेही काम घेतात. देण्याआधी एकच विचार: "पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवूनच लावता ना?" या प्रश्नावर जो गोंधळेल त्याला वस्तरा देऊ नको.

पण पाठवण्याआधी तो पाठवण्यालायक राहिलाय का, ते तपासून घे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने धारेचा अगदी जवळून फोटो काढ आणि मोठा करून बघ. पात्याच्या अंगावर काळे डाग असतील तर असू देत, म्हाताऱ्याच्या हातावरचे डाग ते. धारेलाच बारीक खड्डे दिसले, उंदराने कुरतडल्यासारखे, तर गंज आत शिरलाय आणि धार तेवढी मागे घ्यावी लागेल. खड्डे खोल असतील तर दाढीचं विसर. तो वस्तरा पेटीत ठेव आणि शिकायला दुसरा घे, त्याने आजोबांचा अपमान होत नाही. सँडपेपर आता बंद. धातू चकाकवायची पेस्ट मऊ कापडावर घेऊन, पातं लाकडी फळीवर सपाट ठेवून, पाठीकडून धारेकडे हलके पुसायचं, कधीही धारेच्या रेषेत नाही.

मुठीच्या पट्ट्याही बघ. त्या काळच्या बऱ्याच वस्तऱ्यांना सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या तऱ्हेच्या प्लास्टिकची मूठ असे, आणि सेल्युलॉइड कापूर घालून करत. मूठ घासून नाकाशी धरलीस आणि कापराचा वास आला तर समज. जुनं सेल्युलॉइड कधी कधी सडायला लागतं. त्यावर भेगांचं जाळं उठतं, आंबूस उग्र वास येतो, आणि त्यातून निघणारी वाफ शेजारच्या पोलादाला खाते. मिटलेल्या वस्तऱ्याला नेमका मुठीच्या आतल्या भागात गंज असेल तर कारण बहुतेक हेच. तसं असेल तर मूठ बदलावी लागेल. मूठ हस्तिदंती निघाली, तर विकायचा विचारही मनात आणू नकोस. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे.

आता चामड्याचा पट्टा. इथे मला जरा रेंगाळू दे.

मी लहान होतो तेव्हा रविवारी सकाळी आमच्याकडे म्हालो यायचा. सोप्यावर आजोबा पाटावर बसत, गुडघ्यांवर पंचा. तो धोकटी उघडायचा, पितळेच्या वाटीत पाणी घ्यायचा, आणि वस्तरा स्वतःच्या डाव्या तळहातावर फिरवायचा. चट इकडे, पट तिकडे, नजर आजोबांच्या गालावर, गप्पा भाताच्या पिकाच्या. मला किती तरी वर्षं वाटत होतं की तो हात पुसतोय. पुढे स्वतः शिकायला लागलो तेव्हा कळलं की अर्धी दाढी त्या तळहातावरच झालेली असायची.

तू तळहातावर फिरवू नकोस, हात जोडून सांगतो. चामड्याचा रुंद, सपाट, गुळगुळीत पट्टा घे, मागे जाड कापडाचा पट्टा असेल तर उत्तम. पप्पांच्या कमरेच्या पट्ट्याला शिवण असते, नक्षी असते, मध्येच भोकं. धार त्या प्रत्येक गोष्टीला ठेचकाळते. पट्टा खुंटीला अडकवून ताणून धर. ढिला राहिला की मधे झोळ पडतो आणि त्या झोळात धार गोलावते. पातं सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. पाठ पुढे जाते, धार तिच्या मागून ओढली जाते. दगडावर याच्या नेमकं उलटं असतं, तिथे धार पुढे. पट्ट्याच्या टोकाला पोचलास की वस्तरा पाठीवर लोळव: पाठ चामड्यावरच राहते, धार आकाशाकडून फिरून दुसऱ्या अंगाला येते. मग परत. धारेवर कधीच लोळवायचा नाही. नवशिक्याचा पट्टा ओळखायचा असेल तर कडेचे चंद्रकोरीसारखे काप बघायचे. माझ्या पहिल्या पट्ट्यावर असे अकरा आहेत, म्हणून तुला सांगतो, पहिला पट्टा स्वस्तातला घे.

दाढीआधी कापडावर वीसेक फेऱ्या, चामड्यावर चाळीस-पन्नास. वेग लागत नाही. सिनेमातला न्हावी सटासट फिरवतो ते कॅमेऱ्यासाठी. पट्ट्याने नवी धार तयार होत नाही हेही लक्षात ठेव. आदल्या दाढीत धारेचं जे सूक्ष्म टोक कललेलं असतं तेवढं तो सरळ करतो. मुळात धारच नसेल तर दोनशे फेऱ्यांनीही काही होणार नाही. झाली की नाही ते बघायला अंगठा फिरवायचा नाही. हाताच्या मनगटापाशी, कातडीला न टेकवता, नुसत्या उभ्या केसांवरून पातं न्यायचं. केस आवाज न करता तुटून पडले तर ठीक.

वस्तरा धार लावून परत येईपर्यंत महिना जाईल. तोवर काय करायचं? पावाला लोणी लावायची बोथट सुरी घे. थट्टा नाही. रोज अंघोळीनंतर तोंडाला फेस लाव आणि आरशासमोर त्या सुरीने "दाढी" कर. उजव्या गालाला उजवा हात, डाव्या गालाला डावा. डावा हात पहिले आठ दिवस परक्याचा वाटेल, सुरी नाकाला लागेल, कानात फेस जाईल. जाऊ दे. हीच सुरी पट्ट्यावरही फिरवून बघ, लोळवायची सवय होते. आणि एक फुगा फुगव, त्याला फेस लाव आणि तो फेस सुरीने काढ. पुढे खरा वस्तरा आला की तोच खेळ त्याने कर. कोन चुकला की फुगाच सांगतो, फट्ट करून. नवशिके कारागीर हाच सराव करतात.

खऱ्या दाढीच्या पहिल्या दिवसाचं सांगतो. अंघोळ आधी, दाढी नंतर. केसाने दोन-तीन मिनिटं कोमट पाणी प्यायलं की तो मऊ पडतो. बिनपाण्याने हजामत हा वाक्प्रचार ज्याने काढला त्याने ती एकदा तरी करून घेतली असणार. साबण किंवा क्रीम ब्रशने फेसून लाव, आणि फेस ओला ठेव. मेरंगसारखा कडक, टोकं उभी राहणारा फेस दिसायला छान असतो, पण वस्तऱ्याला निसरडा फेस हवा असतो. आपल्याकडे विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, फेस चटकन होतो, ते सुख आहे. पण पंखा बंद कर. एप्रिल-मेमध्ये डोक्यावर पंखा गरगरत असला की एका गालाची दाढी होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस सुकून पापडी होतो.

धरायचा कसा: मूठ उघडून वरच्या बाजूला उभी, अंगठा पात्याच्या मानेखाली, तीन बोटं वरून, करंगळी शेपटीच्या वळणात. पेन धरतो तितकंच घट्ट. दुसऱ्या हाताने कातडी ताण. हे नवशिके नेहमी विसरतात. ढिल्या कातडीची वळी होते आणि पातं वळीत अडकतं. ओल्या बोटांतून गाल निसटतो म्हणून बोटांच्या टोकांना आधी तुरटी चोळ. बोटं अशी चिकटतात की गाल जागचा हलत नाही. तुरटी लोक दाढीनंतर लावतात, मला ती आधी जास्त उपयोगी पडते.

पातं कानशिलापाशी गालावर सपाट ठेव. मग पाठ एवढीच उचल की पाठ आणि गाल यांच्यामध्ये आणखी एक पाठ मावेल. साधारण तीस अंश होतात. याहून सपाट झालं तर केस ओढले जातील, उभं झालं तर खरवडेल. आता खाली, एक इंच, थांब. परत वर जाऊन एक इंच. पातं नेहमी धारेच्या काटकोनात पुढे जातं. ते कडेला, धारेच्या रेषेत, केसभरही सरकायला नको. सुरीने टोमॅटो कापताना आपण सुरी जशी पुढेमागे ओढतो, तसा वस्तरा ओढला गेला की गालाचा टोमॅटो होतो. तुझं कानाखालचं कापलं ते दाब आणि हे, दोन्ही मिळून झालं असणार.

नीट लागलेली धार बोलते. कान दिलास तर ऐकू येईल, सुक्या पानावर पावसाचे पहिले बारीक थेंब पडावेत तशी हलकी कुरकुर. आवाज थांबला आणि ओढ जाणवली तर दाबू नको. फेस सुकलाय का बघ, कोन बघ, नाहीतर पुन्हा पट्ट्याकडे जा.

पहिले दोन आठवडे फक्त दोन गाल, कानशिलापासून जबड्याच्या हाडापर्यंत. बाकीची दाढी तुझ्या नेहमीच्या रेझरने. मग जबड्याची कड, मग गळा. गळ्यावरचे केस प्रत्येकाचे वेगळ्या दिशेने वाढतात, माझे डावीकडे भोवऱ्यासारखे फिरतात. दोन दिवस दाढी वाढू दे, बोटं फिरवून कुठे मऊ लागतं आणि कुठे टोचतं ते बघ आणि कागदावर गळ्याचा नकाशा काढून बाण मार. हनुवटी आणि वरचा ओठ महिन्याभराने. हनुवटीला केस राठ आणि हाड गोल, तिथे मी आजही घाई करत नाही. केसांच्या उलट्या दिशेने पहिले दोन महिने अजिबात नाही. गुळगुळीत गालाच्या हट्टापायीच बहुतेकांचा गाल सोलला जातो. मिशी ठेवतोस का, लिहिलं नाहीस. ठेवत असशील तर ती कोरायचं काम सगळ्यात शेवटी शिक. एका बाजूला जास्त, मग बरोबरीसाठी दुसऱ्या बाजूला जास्त, असं करत माझी मिशी एका रविवारी अर्ध्या तासात नाहीशी झाली होती.

आईच्या भीतीबद्दल. गळा वगैरे ती म्हणते ते नाटकातलं. हलक्या हाताने चालवलेल्या वस्तऱ्याने नवशिक्याला लागतं ते कानाच्या पाळीला, नाकपुडीला आणि पातं पुसताना बोटाला. खरा धोका वेगळाच असतो: ओल्या हातातून वस्तरा सुटतो आणि आपण तो झेलायला जातो. सुटला तर सुटू दे, हात वर, पाय मागे. बेसिनमध्ये घडी घातलेला टॉवेल टाकून ठेव. मी तो टाकला नव्हता त्या दिवशी वस्तरा नळावर आपटला आणि धारेतून मोहरीएवढा तुकडा उडाला. पुन्हा १००० नंबरपासून सगळं. बाथरूमच्या दाराला कडी लाव, घरात लहान मूल असेल तर वस्तरा उंच आणि कुलपात. वीज कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नाही, तेव्हा दिवसाउजेडी कर. दिवे गेले तर पातं गालावरून सरळ बाहेर घे आणि उभा राहा. मोठ्या मुरमांवरून वस्तरा चालवू नको. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर त्याने आधी डॉक्टरांना विचारावं. एवढं सगळं आईला वाचून दाखव, आणि पहिल्या दिवशी तिला दारात उभी राहू दे. ती बोलत राहील. तू उत्तर देऊ नको, बोलताना गाल हलतो.

मावसभावालाही "एकदा करून बघ" म्हणून आपला वस्तरा द्यायचा नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहू शकतो, आणि दाढीत न दिसणारं रक्त नेहमीच निघतं. आजोबांचा वस्तराही वापरण्याआधी साबणाने धुऊन स्पिरिटने पुसून घे.

याच कारणामुळे सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला. दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, वापरलं की टाकलं. तिथे तेच योग्य आहे. तुझा मित्र चुकीचं सांगत नाही, तो वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतोय. ते स्वस्त आहे, पट्टा नको, दगड नको. पण ते पातं हलकं आणि ब्लेड अतिशय तीक्ष्ण, चूक अजिबात पोटात घालत नाही. खरा वस्तरा वजनाने थोडा सांभाळून घेतो. माझ्या मते शिकायला तो अर्ध्या ब्लेडचा जास्त कठीण. धार लावायची कटकट नकोच असेल तर तो घे, पण मग आजोबांच्या पेटीशी त्याचा काही संबंध नाही. आणि इंटरनेटवर तीन-चारशे रुपयांना नक्षीकाम केलेले चकचकीत वस्तरे दिसतात, त्यांच्यापासून लांब राहा. वस्तऱ्याच्या आकाराचे कागद फोडायचे चाकू आहेत ते.

आता गोव्याचं म्हणून एक. आपली हवा पोलादाची वैरी. जुलैत रात्री वस्तरा नुसता पुसून बाथरूममध्ये ठेवला, तर सकाळी धारेवर तपकिरी ठिपके दिसतात. दाढी झाली की पातं धुऊन टिश्यू कागदाने पाठीकडून धारेकडे टिपून घ्यायचं. मुठीच्या आतही कागदाची घडी फिरवायची. पाणी तिथेच लपतं. पट्ट्यावर सात-आठ फेऱ्या, थोडा वेळ उघडा ठेवून वारा, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दोन्ही बाजूंना. घरात खोबरेल आहे म्हणून ते लावू नकोस. डिसेंबरात थिजतं, नंतर खवट होऊन चिकटा धरतं. चामड्याच्या म्यानात पावसाळ्यात अजिबात नाही, चामडं ओल धरून बसतं. औषधांच्या, बुटांच्या खोक्यांतून सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या जमव आणि कपड्यांच्या कपाटात डब्यात वस्तऱ्याबरोबर ठेव. आईने कपाटात ठेवलाय म्हणतोस ना? जागा तिने बरोबर निवडली आहे, फक्त तेल लावायला किल्ली मागून घे.

आणि मला एक कळव. पातं जिथे मुठीला खिळलेलं असतं त्याच्या जरा वर, पोलादावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. १९६१ च्या आधी गोव्यात बाहेरचा माल सहज मिळायचा, तेव्हा तुझ्या आजोबांच्या हाती काय आलं असेल याची मला उत्सुकता आहे. शेफील्ड असेल तर इंग्लंडचा. सोलिंगेन असेल तर जर्मनीचा. हे नाव फक्त त्या शहरात आणि परिसरात घडवलेल्या मालावरच घालावं असा कायदा तिथे १९३८ पासून आहे. अक्षरं पुसट असतील तर त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घास, लहानपणी नाण्यांचे ठसे काढायचो तशी, आणि तो कागद पाठव. तेवढ्या जागेवर सँडपेपर लागला नसेल अशी आशा करतो.

तुझा काका